चव घेऊन वाढणारे अप्पा

सिद्रामअप्पा कुठलीही गोष्ट आधी दाताखाली घालायचे. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती. तूर, हरभरा, सोयाबीन यांचा ओलावा त्यांनी उभ्या आयुष्यात यंत्राने नाही, दाढेने मोजला. दाणा कट्कन फुटला की माल वाळलेला, नुसता दबला की ओला. पुढे आडत मुलाच्या, बसवराजच्या हाती गेली, पण सवय काही गेली नाही. नवी चहापत्ती आणली की चिमूटभर तोंडात, नातवाचं औषध आणलं की एक थेंब जिभेवर. कुणी नवा माठ आणला तर अप्पा त्याचीही खापरी चावून बघतील, असं आम्ही गल्लीतले लोक म्हणायचो, आणि अप्पाही त्यावर हसायचे. "जे आपल्या जिभेला लावलं न्हाई ते दुसऱ्याच्या ताटात कसं वाढावं, मास्तर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आठवलं की मला अजून लाज वाटते. ती का, हेच सांगायला बसलो आहे.

मी उदगीरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. मूळचा कंधारचा, बौद्ध घरातला, बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर असलेल्या घरातला. अप्पा लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत गळ्यातलं लिंग. त्यांचं घर आमच्या बरोबर समोर. मी गल्लीत राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी हाक मारून मला बैठकीत बसवलं आणि चहा दिला. चहा देताना त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, माझा विषय विचारला. मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे किड्यामुंग्यांचे मास्तर. बरं झालं, आमच्या घरात लई मुंग्या हायत."

अप्पांचं दुसरं वेड म्हणजे जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, होणार, ही हवा तेव्हा दर पंधरा ऑगस्टच्या आधी उठायची आणि झेंडा उतरला की बसायची. अप्पांनी मात्र कुणाची वाट बघितली नव्हती. त्यांनी दुकानाचे कागद परस्पर छापून घेतले होते, आणि त्यावर पत्त्याखाली 'जि. उदगीर (नियोजित)' असं होतं. बसवराज कपाळाला हात लावायचा. अप्पा म्हणायचे, "बाळ व्हायच्या आधी दुपटं शिवतात का न्हाई?"

अशा माणसाच्या घरात समुद्राचे मासे कसे आले, याला कारण त्यांची बायको. महादेवी अक्का. अर्धांगवायूने त्यांचा उजवा भाग गेला आणि बोलणं गेलं. डोळे उघडे असायचे, पण ते कशावर ठरत नसत. अप्पा त्यांना लातूरला एका डॉक्टरकडे न्यायचे. तिथे बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. एकदा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अक्कांचे डोळे त्या पेटीतल्या एका लाल माशावर गेले आणि तिथेच राहिले. मासा दगडावरून उठून दुसऱ्या दगडावर बसला, तसे डोळेही तिकडे गेले. चार महिन्यांत अक्कांनी पहिल्यांदाच काहीतरी बघितलं होतं. अप्पा मला हे सांगताना तीन वेळा थांबले.

सगळ्यांनी त्यांना सांगितलं की गोड्या पाण्यातले सोनेरी मासे आणा, स्वस्त पडतात, कशानेही जगतात. अप्पा म्हणाले, "तिनं सोनेरीकडं बघितलं न्हाई. तिनं ज्याच्याकडं बघितलं तोच पायजे." नांदेडला अन्वर नावाच्या तरुणाचं माशांचं दुकान होतं. त्याने मुंबईहून माल मागवला आणि अक्कांच्या पलंगासमोर पेटी उभी राहिली. त्यात समुद्री मिठाच्या पिशव्या घोळून केलेलं पाणी, दगड, एक पिवळाधमक मासा, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, आणि तो लाल. लाल मासा पोहायचा कमी. दगडावर बसून मान वाकडी करून खोलीतल्या माणसांकडे टक लावून बघत राहायचा. अप्पांनी त्याचं नाव ठेवलं मुनीम.

आणि मग अप्पा वही घेऊन माझ्याकडे यायला लागले. रोज संध्याकाळी, चपला काढून, पेन उघडून. पाणी किती गरम चालतं, दिवा किती वेळ लावायचा, पिवळा मासा दगड का चाटतो. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतक्या मनापासून कुणी मला प्रश्न विचारले नव्हते. मुलं परीक्षेला काय येईल एवढंच विचारायची. अप्पांना खरोखर कळून घ्यायचं असायचं. माझं समुद्राचं ज्ञान म्हणजे विद्यार्थी असताना रत्नागिरीला काढलेला एक महिना, पण अप्पांच्या वहीपुढे मी मोठा पंडित होऊन बसायचो. ते मला फार आवडायचं.

सुरुवातीला त्यांनी माशांना ज्वारीच्या भाकरीचा चुरा टाकला होता. मी सांगितलं, एकच एक जेवण रोज घातलं तर मासा पोट भरूनही उपाशी राहतो, त्याचा रंग जातो, कल्ल्यांना आजार लागतो. त्याला पालट पाहिजे. पाला पाहिजे, शेवाळं पाहिजे, जीवनसत्त्वं पाहिजेत. अप्पांनी ते ऐकून पेटीशेजारी वारांचा तक्ताच चिकटवला. मंगळवारी वाफवलेला पालक, बुधवारी वाळलेलं समुद्री शेवाळं लसणाच्या रसात भिजवून, गुरुवारी उकडलेले मटार सोलून, असा. सोमवारी काहीच नाही, कारण अप्पांच्या घरात सोमवारचा उपवास असे. ते भीतभीतच मला म्हणाले, "त्यांनला उपवास लावला, चूक तर न्हाई झाली?" आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं राहिलेलं माशाला बरंच असतं. मी तसं सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा उजळला की मीच सोमवारचा शोध लावल्यासारखा खुशीत घरी आलो.

त्याच सुमारास दुष्काळ आला. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते साल. आमच्याकडे नळ कधी यायचा ते नगरपालिकेलाही सांगता येत नसे. गल्लीत कुजबुज सुरू झाली की माणसांना घागर मिळेना आणि अप्पांच्या माशांना हौद लागतो. अप्पांनी एकदा सगळ्यांना घरात बोलावून दाखवलं. मीठ उडून जात नाही, नुसतं पाणी उडतं, म्हणून रोज तांब्याभर गोडं पाणी वर घालायचं, बस. तो तांब्या ते स्वतःच्या अंघोळीच्या बादलीतून काढायचे. उरलेल्या पाण्यात अंघोळ. अंघोळ झाली की लिंगपूजा, पूजा झाली की मासे, माशांचं झालं की अक्कांना भरवणं, आणि शेवटी स्वतःचं ताट. हा क्रम कधी चुकला नाही.

जिल्ह्यासाठी तहसीलसमोर साखळी उपोषण झालं, तेव्हाही नाही. अप्पा पहिल्या दिवशी मांडवात बसले होते, गळ्यात हार, मागे फलक. अकरा वाजता उठले. लोक म्हणाले, अप्पा, कुठं? म्हणाले, "माशाला वाढून येतो." मांडव हसला. कुणीतरी म्हणालं, हे उपाशी आणि मासे जेवणार. अप्पा हार तसाच घालून घरी आले, पालक वाफवला, एक पान चावून बघितलं, पेटीत सोडलं आणि परत जाऊन मांडवात बसले.

पण मुनीम पालक खात नव्हता. शेवाळं खात नव्हता. पिवळा फुगत चालला होता, पट्ट्यांची जोडी मिळेल ते खात होती, आणि मुनीमचं पोट आत गेलं, लाल रंग विटक्या विटेसारखा झाला. तो मांसाहारी जातीचा मासा. त्याला झिंगा, माकूळ असलं काहीतरी पाहिजे होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अन्वरने दिलेल्या कोरड्या गोळ्यांच्या डब्यावर काय लिहिलंय ते बसवराजने वाचून दाखवलं, तेव्हा अप्पांनी तो डबा तिथल्या तिथे परत पाठवला होता. "माशाचाच भुगा माशाला? आपल्या हातानं न्हाई व्हायचं ते." हेही मी ऐकलं होतं.

मग एका संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्याजवळ वही नव्हती. म्हणाले, "मास्तर, ते बसून राहिलंय नुसतं. हलत न्हाई. अन् ते हललं न्हाई तर हिचे डोळे पण हलत न्हाईत. त्याला काय लागतंय ते मला खरं सांगा."

त्यांनी 'खरं' म्हटलं होतं. मी म्हणालो, "करतो काहीतरी."

मी बाजारातून बर्फातले झिंगे आणले. सोलून वाटले, त्यात पालक, लसूण आणि शेवाळ्याची पूड घातली, चायना ग्रासने थिजवून हिरव्यागार वड्या पाडल्या आणि डब्यात भरून समोर घेऊन गेलो. अप्पांनी विचारलं, "ह्याच्यात काय हाय?" मी म्हणालो, "समुद्रातलं शेवाळं, पालक, लसूण." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

अप्पांनी वडीचा कोपरा मोडला आणि तोंडात घातला.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. हात धरता आला असता. 'अप्पा, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. त्यांनी जीभ फिरवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "वास येगळाच हाय. समुद्राचा आसंल." मग उरलेली वडी बोटांनी कुस्करून पेटीत टाकली. मुनीम दगडावरून असा सुटला की पाणी हललं. पलंगावर अक्कांचे डोळे त्याच्या मागे गेले. अप्पा माझ्याकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "तुमचे लई उपकार झाले."

असं चार महिने चाललं. रोज सकाळ-संध्याकाळ, सोमवार सोडून, आणि दर वेळी आधी एक कण त्यांच्या जिभेवर. मुनीम शेंदरासारखा लाल झाला. अक्का डाव्या हाताचं बोट पेटीकडे करायला लागल्या. मी स्वतःची समजूत घालत होतो की एका बाईचे डोळे जिवंत राहिले, एक मासा वाचला, कुणाचं काय बिघडलं? अप्पांना सांगितलं तर ते नाहीच म्हणणार, हे मी गृहीत धरलं होतं. आणि आता वय झाल्यावर त्याहूनही खरं ते सांगतो. सांगितलं तर ते वही घेऊन यायचे थांबतील, समोरच्या बैठकीतली माझी जागा जाईल, ही भीती मला जास्त होती.

उन्हाळ्यात कंधारला माझी आई आजारी पडली. मी वीस दिवसांच्या वड्या करून अप्पांच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि गेलो. मागे वीज गेली ती दोन दिवस आली नाही. वड्या नासल्या. माझी आई आजारी, मला कशाला त्रास द्यायचा, म्हणून अप्पांनी फोन केला नाही. एक धड राहिलेली वडी बर्फाच्या थर्मासमध्ये घातली आणि असल्याच वड्या आणायला एसटीने नांदेड गाठलं.

परत जाताना ते कंधारला उतरले. आमच्या दारात उभे राहिलेले अप्पा मला अजून दिसतात. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात आईसाठी मोसंब्या. ते आईच्या खाटेजवळ बसले, "कसं वाटतंय, आई?" म्हणून विचारलं, आमच्या घरचं पाणी प्यायले. दुष्काळात दिलेलं पाणी म्हणून तांब्याच्या तळापर्यंत प्यायले. मग म्हणाले, "चला मास्तर, स्टँडपर्यंत सोडा मला."

स्टँडवर सावलीचा एकच तुकडा होता. तिथे उभे राहून ते म्हणाले, "त्या वडीत झिंगे हायत."

मी त्यांच्या हातातल्या थर्मासकडे बघितलं.

"अन्वरनं बोटावर चोळून सांगितलं. म्हणला, अप्पा, इसमें तो झिंगा है, आपको मालूम नै क्या? मी म्हणलो, मालूम हाय. तुमचं नाव घेतलं न्हाई."

"अप्पा..."

"मी चव घेत होतो तवा तुमी समोर होता."

"हो."

"पहिल्या दिवशी."

"हो, अप्पा."

त्यांनी गळ्याशी हात नेला आणि लिंगाला न लावताच खाली घेतला. ते मी बघितलं. मी म्हणालो, "मला वाटलं तुम्ही नको म्हणाल. आणि मुनीम मेला असता."

"म्हणलो असतो नगं," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, रोजच्यासारखाच होता. "एक दिस म्हणलो असतो, दोन दिस म्हणलो असतो. तिसऱ्या दिशी हिच्याकडं बघून हाव म्हणलो असतो. पर ते मी म्हणलो असतो, मास्तर. तुमी मला इचारलंच न्हाई."

बस लागली. चढताना ते थांबले आणि म्हणाले, "हे दोघांतच राहू द्या. गावाला कारण नगं." त्याचा अर्थ मला कळला. लिंगायताच्या घरात बौद्ध मास्तराने काय खाऊ घातलं, ही बातमी मोंढ्यात गेली असती तर तिचं काय काय झालं असतं, हे त्या माणसाने नांदेड ते कंधार बसमध्ये बसून आधीच बघून ठेवलं होतं. स्वतःचा विटाळ पोटात घेऊन त्याने माझी काळजी केली होती. आणि थर्मासमध्ये वड्या होत्या. त्यांनी त्या ठाऊक असताना विकत घेतल्या होत्या.

मी उदगीरला परतलो तेव्हा अप्पांचा क्रम बदललेला होता. सकाळी अंघोळ, पूजा, अक्कांना भरवणं, स्वतःचं जेवण. त्यानंतर मुनीमला झिंगा. चव घेणं बंद. पण त्या हाताने पुन्हा लिंग हातात घ्यायचं तर पुन्हा अंघोळ पाहिजे, आणि दुसऱ्या अंघोळीला पाणी नव्हतं. अंघोळ नाही म्हणून संध्याकाळची पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणून रात्रीचं जेवण नाही. घरातल्यांना वाटलं अप्पांनी पावसासाठी काही धरलंय. सगळ्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं की अप्पा एका वेळच्या जेवणावर का आलेत.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला लांब चिमटा घेऊन गेलो. म्हणालो, "हाताला लागणार नाही." अप्पांनी तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. "चिमटा धरणारा हात माझाच हाय की." मग मी म्हणालो, रोज दोन्ही वेळा मी येतो आणि मी घालतो, आमच्यात चालतं. ते म्हणाले, "न्हाई, ते आता माझं काम हाय." चहा दिला, बसा म्हणाले. रागाचा एक शब्द नाही. पण त्या दिवसानंतर संध्याकाळी वही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी दाराकडे तोंड करून बसायला लागलो होतो.

त्या साली पाऊस आला तेव्हा पाणी झालं, अप्पांची दुसरी अंघोळ सुरू झाली आणि रात्रीचं ताटही. मी माफी मागायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून परत आलो. त्यांनी मला टाळलं असतं तर बरं झालं असतं. ते मला पूर्वीसारखंच बसवत होते, आणि काही विचारत नव्हते. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि मुलाकडे नांदेडला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला समोर गेलो.

अप्पा पेटीजवळ स्टुलावर बसले होते, बरेच वाळलेले. अक्का उशीला टेकून होत्या. मुनीम दगडावर बसला होता, पण त्याच्या डोळ्यांवर एक पांढुरका पडदा आला होता. मी आत शिरताच तो बघितला. जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, जेवणात काय बदलायचं ते मला तोंडपाठ होतं. मी खुर्चीवर टेकलो आणि त्यांनी विचारायची वाट बघू लागलो.

अप्पांनी मला पाणी दिलं. "उद्या निघालात म्हणं," म्हणाले. मग चष्मा लावून मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसून नांदेडला अन्वरला विचारलं, "बेटा, त्याच्या डोळ्यावर सारा आलाय. त्याला खायला काय देऊ?"

अन्वर काय सांगतोय ते ते नीट ऐकून घेत होते, मधूनमधून हाव, हाव म्हणत होते. मी ग्लासातलं पाणी संपवलं. अन्वर सांगत होता ते बरोबर होतं.